बाबांसाठी सीट

सासऱ्यांनी मोटरसायकलवर बसायला साफ नकार दिला आणि खापर फोडलं सीटवर. मोठ्या माणसानं कारण दिलं म्हणजे ते खरंच असणार, असं समजणं हा सुनेचा भोळेपणा म्हणा की चांगुलपणा. तिनं ते खरं मानलं आणि हात धुऊन त्या सीटच्या मागे लागली.

प्रकरण डोळ्यांचं होतं. सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा कधीच निकामी झाला होता आणि डावाही त्याच वाटेला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की डाव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, चुकवायचं नाही. उरलंय तेवढं टिकेल, पण एकदा गेलं की परत यायचं नाही. डोळ्यात सुई म्हटल्यावर भल्याभल्यांची बोबडी वळते, पण सासरे दोन महिने निमूटपणे जाऊन आले. तिसऱ्या महिन्यात मात्र ठरल्या दिवशी सकाळी बूट घालून तयार झाले आणि दारापर्यंत येऊन पुन्हा खुर्चीत बसले. म्हणाले, तुझ्या त्या सीटवर कमरेचा पार भुगा होतो, मी येत नाही. बूट काढून त्यांनी जागेवर ठेवलेसुद्धा.

दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगा परगावी नोकरीला, त्याला सुट्टी मिळायची त्या दिवशी दवाखाना बंद. तो फोनवरून सांगायचा, टॅक्सी करा. सांगायला त्याचं काय जातंय. टॅक्सीत मागच्या बाजूला बसलं की सासऱ्यांना मळमळायचं. बसचं तर नावच नको, कारण सासरे स्वतः बसचे ड्रायव्हर. उभी हयात स्टिअरिंगवर गेलेली. निवृत्तीनंतर एकदाच प्रवासी म्हणून बसमध्ये चढले, तेव्हा त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला गिअर कधी टाकावा यावरून इतकं ऐकवलं की अर्ध्या वाटेत दोघांची जुंपली आणि हे तिथंच उतरून पायी घरी आले. राहता राहिली सुनेची मोटरसायकल.

सून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. लोक तिला सुईवाली ताई म्हणत. सकाळी उपाशीपोटी वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांकडे जायचं, गोड बोलून दंड बांधायचा, रक्त काढायचं आणि त्या नळ्या डब्यात उभ्या ठेवून लॅबमध्ये पोचवायच्या. नळ्या हिंदकळल्या तर रक्त बिघडतं आणि लॅबवाले तोंड वाकडं करतात. त्यामुळे ती गाडी अशी चालवायची की खड्डासुद्धा तिला बघून बाजूला सरकावा. तिच्या गाडीवर बसून कुणाची कंबर मोडावी हे तिला जरा लागलंच होतं. पण ती बोलली नाही. तिनं चंग बांधला की सीटच बदलायची.

आधी झाले स्वस्तातले उपाय. हवेची उशी आणून मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधली. सासरे बसले, गाडी वळली आणि उशीसकट ते एका अंगाला कलले. म्हणाले, ही सीट आहे की होडी? मग आणली जेलची गादी. ती उन्हात इतकी तापली की सासरे बसल्या बसल्या उठले, आणि त्या दिवशी त्यांनी जे काही शब्द वापरले ते सुनेसमोर त्यांनी पूर्वी कधी वापरले नव्हते. नंतर त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि संध्याकाळी त्यांनी न सांगता भांडी घासून ठेवली.

अशात चुकलेल्या तारखेला बरेच दिवस होऊन गेले. दवाखान्यातून फोन आला की पुढच्या आठवड्यातली वेळ देतो, ही चुकवू नका, डॉक्टर नाराज आहेत. सुनेचा जीव टांगणीला लागला. ती दिवसभर लोकांच्या शिरा शोधत हिंडायची आणि डोक्यात मात्र एकच, की हा माणूस आंधळा होणार आणि आपण सीट शोधत बसणार.

गॅरेजांच्या गल्लीत सीट बनवणारा एक कारागीर होता. अंगानं भरलेला, बोलण्यात लोण्याचा गोळा. सगळे त्याला फोमशेठ म्हणत. त्याच्याकडच्या प्रत्येक सीटबद्दल तो सांगायचा की यावर बसाल तर उठावंसं वाटणार नाही. सून म्हणाली, मला उठवायचं नाहीये, बसवायचंय. तेव्हा तो हसला आणि कामाला लागला. त्यानं जुनी सीट काढून उताणी केली. मागचा भाग अरुंद, शिवाय पुढच्या बाजूला उतरता. अशा सीटवर मागचा माणूस सारखा पुढे घसरतो आणि घसरू नये म्हणून सारखा अंग ताठ धरून बसतो, हे त्यानं हातानं दाखवलं. सुनेला एकदम हायसं वाटलं. म्हणजे दोष सीटचाच होता. बाबा खोटं बोलत नव्हते.

फोमशेठनं मऊ लुसलुशीत फोम पुढे केला तेव्हा तिनं तो मुठीत दाबून पाहिला आणि परत केला. असल्या फोमवर माणूस पाच मिनिटांत तळाला टेकतो, हे तिला अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या गाद्या बघून माहीत होतं. जरा टणक घ्या म्हणाली, वरून पातळ थर मऊ द्या. मागचा भाग सपाट आणि रुंद ठरला, धरायला दोन्ही बाजूंना दांडी आणि पाठीला टेका. माप घ्यायला सासऱ्यांना आणा, असं फोमशेठ म्हणाला, तर ते येईनात. शेवटी तिनं त्यांना घरीच स्टुलावर बसवून टेपनं बैठकीचं माप घेतलं. सासरे म्हणाले, माझी पँट शिवतेस की काय? पण बसले बापडे सरळ, हात वर करून.

सीट झाली. झकास झाली. सुनेनं गाडी दारात स्टँडवर उभी केली आणि सासऱ्यांना बसवलं. त्यांनी पाठ टेकली, दांड्या चाचपल्या, थोडं मागेपुढे सरकून पाहिलं. आमच्या बसच्या सीटपेक्षा चांगली आहे, म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघणं शक्यच नव्हतं. शेजारणीनं खिडकीतून विचारलं की काका, कुठं निघाली स्वारी, तर सासऱ्यांनी खऱ्या ड्रायव्हरसारखा हात बाहेर काढून वळणाची खूण केली. सुनेला वाटलं, जिंकलो.

मग ती त्यांना बाजारापर्यंत एक चक्कर मारून घेऊन आली. परत येऊन सासरे उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, उजवी मांडी थरथरत होती आणि एक हात कमरेवर. भिंतीला धरून उभे राहिले. म्हणाले, नाही गं पोरी, जमायचं नाही, तू उगाच एवढा खटाटोप केलास. आणि आत निघून गेले.

तिला राग आला. खरा राग आला. पहिल्यांदा तिच्या मनात असंही आलं की राहू दे, नका येऊ, तुमचे डोळे आणि तुम्ही. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच शरम वाटली. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. गाडी शिकवली ती याच माणसानं, रिकाम्या मैदानावर, भर उन्हात बाजूनं पळत. ती पडली की ते आधी गाडी नाही, तिला उचलायचे. तिचे स्वतःचे वडील तिला आठवतही नव्हते. नमुन्यांचा डबा धुता धुता तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ते पाणी तिनं डब्याच्या पाण्यातच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती तणतणत फोमशेठकडे गेली. सीट बरोबर नाही म्हणाली. फोमशेठला हे लागलं. आपल्या सीटला कुणी नावं ठेवलेली त्याला खपायची नाहीत. ताई, तुम्ही स्वतः मागे बसून पाहिलंय का, असं त्यानं विचारलं. तिनं नव्हतं पाहिलं. आपल्याच गाडीवर मागे बसायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मग बसा, म्हणत त्यानं किल्ली मागितली.

फोमशेठ सीट बनवायचा छान आणि गाडी चालवायचा भयंकर. गल्लीतून निघताच त्यानं एका हातगाडीला अशी काही निसटती बगल दिली की सुनेनं श्वास रोखला. चौकात समोर टेम्पो उभा, आता हा वेग कमी करेल, आता करेल, करत तो अगदी टेम्पोच्या शेपटाशी जाऊन थांबला. पुढच्या वळणावर तेच. परत येईस्तोवर तिला घाम फुटला. सीट कुठेच टोचली नव्हती, रुतली नव्हती. पण उतरली तेव्हा तिची कंबर भरून आली होती आणि उजव्या पायाची पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती.

ती तिथंच फुटपाथवर पोटरी चोळत उभी राहिली. उजवीच का? डाव्या पायाला काही झालं नव्हतं. आणि मग तिला स्वतःचा पाय आठवला. टेम्पो दिसला तसा तिनं पायाखालचा रबरी खुंट दाबला होता. हातगाडीला दाबला होता, वळणावर दाबला होता, दर वेळी कंबर ताठ करून, सगळा जोर एका पायावर देऊन. ब्रेक मारत होती ती. नसलेला ब्रेक.

फोमशेठनं विचारलं, काय ताई, कशी वाटली? ती म्हणाली, शेठ, सीट उत्तम आहे, माझंच चुकलं. फोमशेठला जे ऐकायचं होतं ते मिळालं. तो खूश होऊन आत गेला.

घरी सासरे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसले होते. हल्ली ते कपडे डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखायचे; शिवण चाचपून उलटं-सुलटं ठरवायचे. तिनं हे पूर्वीही पाहिलं होतं, पण आज ती उंबऱ्यात थांबून पाहतच राहिली. मग त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि दुसऱ्या टोकानं चादर धरली.

"बाबा, तुम्ही मागे बसून ब्रेक मारता."

"कोण मी? छे."

"उजव्या पायानं. सगळा रस्ता."

सासऱ्यांनी आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाले, असेल, सवय आहे, त्यात काय एवढं. चादरीची घडी झाली होती ती त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली.

"तू चांगली चालवतेस," ते म्हणाले. "तुझ्या चालवण्याला नाव नाही ठेवत मी. पण मला गाडी दिसते ती एकदम अंगावर आल्यावरच, गं. आधी नुसता धूर. मग धुरातून भसकन ट्रक निघतो. माझ्या पुढे तू बसलेली असतेस. आधी तुला लागणार. आणि माझ्या हातात काही नाही, पायात काही नाही."

हे इतकं आहे हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंना नाही, मुलाला नाही. दवाखान्यात डोळे तपासायच्या फळ्यावरची अक्षरं ते आठवणीनं वाचून दाखवायचे, हे त्यांनी आता मान खाली घालून कबूल केलं. तिसऱ्या वेळी फळा बदलला असता तर पितळ उघडं पडलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, आता उपयोग नाही, येऊ नका. ते ऐकायचं नव्हतं म्हणून कंबर पुढे केली. कंबर दुखत होती हे मात्र खोटं नाही, असं त्यांनी घाईघाईनं जोडलं.

तिला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींपैकी तिनं काहीच केलं नाही. तिच्या सवयीप्रमाणे तिनं काम शोधलं. रोगी हात ताठ धरतो तेव्हा सुई टोचायच्या आधी ती त्याला काहीबाही विचारत बसते, म्हणजे हात आपोआप सैल पडतो. तिनं सासऱ्यांना विचारलं की एवढी मोठी बस, तिच्या मागचं काही दिसायचं नाही, मग ती मागे कशी घ्यायचात?

सासरे लगेच खुलले. त्यात काय, म्हणाले, कंडक्टर मागे जाऊन उभा राहायचा. येऊ द्या, येऊ द्या, जरा डावीकडे, येऊ द्या. त्याचा आवाज ऐकायचा आणि घ्यायची. एकदा तर एका बाजूला दरी होती आणि वर धुकं. त्या कंडक्टरच्या आवाजावर सगळी गाडी फिरवून घेतली. आत माणसं गच्च भरलेली.

"भीती नाही वाटली?"

"तो बोलत होता ना. गप्प बसला असता तर वाटली असती."

"मग मी बोलेन," सून म्हणाली.

सासऱ्यांनी तोंड तिच्या बाजूला वळवलं. त्यांना तिचा चेहरा किती दिसत होता कोण जाणे. मग घडी घातलेली चादर त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली.

ठरल्या दिवशी दोघं निघाली. गाडी सुरू करण्याआधीच तिनं बोलायला सुरुवात केली. बाबा, आता गल्लीतून बाहेर, डावीकडे वळतेय. रस्ता मोकळा आहे. पुढे गतिरोधक, हळू करतेय, हं, गेला. सुरुवातीला तिला स्वतःलाच चोरट्यासारखं झालं. हेल्मेटमध्ये एकटीच बडबडणारी बाई बघून बाजूचा स्कूटरवाला टकामका पाहायला लागला. तिनं त्याचंही वर्णन बाबांना ऐकवलं, मिशीसकट. मागून हसण्याचा आवाज आला.

तरी पहिल्या चौकात तिला तो जाणवला. आता माहीत झाल्यावर कळायला वेळ लागत नव्हता. गाडीच्या उजव्या अंगाला खालून एक जोराचा दाब यायचा आणि मागचं वजन ताठ व्हायचं. इतके दिवस तिला वाटायचं की गाडीचंच काहीतरी बिघडलंय. ती बोलत राहिली. पुढे बस आहे, लांब आहे, मी मागेच राहते. बस थांबतेय, मीपण थांबतेय. आता थांबलो. उजवीकडे ट्रक येतोय, तो जाईल त्याच्या वाटेनं, आपण कडेला आहोत. दाब आला, पण निम्मा. पुढच्या चौकात आलाच नाही असं तिला वाटलं आणि आनंदाच्या भरात ती बोलायची थांबली, तर लगेच पाय दाबला गेला. तिनं मुकाट्यानं पुन्हा तोंड सुरू केलं.

दवाखान्यात सासऱ्यांनी आपणहून सांगितलं की मी फळा पाठ केला होता. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला, मग फळा बदलून नीट तपासलं, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावून कितीतरी वेळ आत पाहिलं. सून भिंतीला पाठ लावून उभी होती. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बरंच गेलं आहे आणि ते येणार नाही. पण मधला भाग अजून धरून आहे. आता एकही वेळ चुकवली नाही तर माणसांचे चेहरे दिसत राहतील, जवळून का होईना. सासऱ्यांनी विचारलं, हिचा दिसेल? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जवळ आल्या तर दिसेल की. मग त्यांनी इंजेक्शन दिलं आणि डोळ्यात थेंब घातले.

येताना ऊन कललं होतं आणि रस्त्यांवर गर्दी वाढली होती. तिचा घसा बसायला आला होता, तरी ती एकेक गोष्ट सांगत होती. सिग्नल लाल. हिरवा झाला, निघालो. शाळा सुटलीय, पोरं आडवी येतायत, मी पाय टेकून थांबलेय. पुलावर चढतोय. वारा येईल आता. मागून ना दाब, ना शब्द. पुलाच्या मध्यावर मागचं वजन हळूच सैल झालं आणि हेल्मेट तिच्या पाठीला टेकलं. तिनं वेग आणखी कमी केला. बाबा, असं म्हणून हाक मारली तर लगेच हुंकार आला, म्हणजे जागे होते. ती बोलत राहिली.

घरासमोर तिनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

"बाबा, घर आलं."

सासरे उतरले नाहीत. पाठ टेकून बसून राहिले.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मघाशी डोळे मिटून घेतले मी. पुलाच्या आधीपासून."

ती गर्रकन मागे वळली. "डोळा दुखत होता?"

"नाही गं. उघडे ठेवायची गरजच पडली नाही."

आणि ते खाली उतरले. एक हात तिच्या खांद्यावर, एक पाय सावकाश जमिनीवर, अगदी सराईतासारखे. सून मात्र हेल्मेट न काढता तशीच बसून राहिली, कारण ते काढलं असतं तर शेजारणीला तिचं तोंड दिसलं असतं.